गिरजाबाईंचा तास

‘कशा आहात?’ या प्रश्नाच्या उत्तरावर माझा आता काडीचाही विश्वास राहिलेला नाही. आमच्या फॉर्मवर तो पहिलाच छापलेला असतो, म्हणून पेशंटला वाचून दाखवावा लागतो. वाचते. समोरचा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून, खांदे वर ओढून श्वास घेत असतो आणि सांगतो, “बरं हाये.” मी ‘बरं आहे’ लिहिते आणि मग माझी खरी चौकशी सुरू होते. आंघोळीची बादली कोण उचलतं, बोलताना वाक्य मधेच तुटतं का, रात्री उशा किती लागतात. ही सवय मला नाचणगावच्या गिरजाबाई ढोबळे यांनी लावली. त्यासाठी त्यांना जी किंमत मोजावी लागली, ती मी विसरलेली नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर वर्ध्याला आले आणि इथल्या एका मोठ्या दवाखान्यात चिकटले. दारावर ‘संशोधन समन्वयक’ अशी भारदस्त पाटी आहे, प्रत्यक्षात माझं काम म्हणजे फायली, फोन आणि फायली. नवं औषध किंवा नवं उपकरण माणसांवर तपासून बघायचं असेल तर त्या माणसांना बोलावणं, समजावणं, प्रश्न विचारणं आणि उत्तरं चौकोनात बसवणं. पहिल्या वर्षी इथल्या शब्दांनी मला बरंच फसवलं. सांबार आणायला सांगितलं तर मी हॉटेलातून वाटीभर सांबार घेऊन आले होते. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तेव्हा कळलं. ऑफिसात त्यावर महिनाभर हसत होते. त्यानंतर मी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ असं बोलायला शिकले आणि मला वाटायला लागलं की आता आपल्याला इथली भाषा येते.

गिरजाबाई साठीच्या आतबाहेरच्या होत्या. काळ्यासावळ्या, हाडकुळ्या, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुम्ही त्यांचा वेळ खाताय. आयुष्यात विडी नाही की तंबाखू नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं पऱ्हाटीच्या धुरात भाकरी भाजलेल्या. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या; त्यांचा धूर डोळ्यांत जातो तसाच छातीतही जातो. त्यांची फुप्फुसं जागोजागी फुगून सैल पडली होती. आत गेलेली हवा बाहेर यायचीच नाही. मी एकदा चुलीला दोष दिला तर म्हणाल्या, “चुलीले नाव नको ठेवू. त्याच चुलीवर चार जीव मोठे झाले.”

नवऱ्यामागे भाजीची वाडी त्यांनीच सांभाळली होती. दीडेक एकर, घरासमोरचा रस्ता ओलांडला की पुढे धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं जायचं. वांगी, पालक, मेथी, सांबार. माल पुलगावच्या बाजारात. दोन वर्षांपासून मात्र त्यांना अंगणाच्या पलीकडे जाता येत नव्हतं. वाडी सून बघायची. रंजना ही सून चांगली होती, सासूला जपायची. पण गिरजाबाईंच्या मते तिला वांग्याची अक्कल नव्हती. “ते पाणी देते, मी नाई मनत नाई. पण झाडाकडे पायत नाई.”

आमच्याकडे तेव्हा श्वासनळीत बसवायच्या झडपेची चाचणी चालू होती. शेंगदाण्याएवढी ती झडप तोंडातून दुर्बीण घालून श्वासनळीच्या फांदीत बसवायची. ती हवा बाहेर सोडते, आत जाऊ देत नाही. म्हणजे बिघडलेला भाग हळूहळू मिटतो आणि चांगल्या भागाला फुलायला जागा मिळते. आमच्या सरांनी, म्हणजे चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांनी, हे कागदावर चित्र काढून वीस मिनिटं समजावलं. सर विदर्भातलेच, बोलायला गोड, पण चित्र मात्र दुधी भोपळ्यासारखं काढलेलं. गिरजाबाई शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मंजी सडक्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवाचं अन् दांडाचं पाणी चांगल्या वाफ्याले द्याचं. एवढंच नं?”

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर ते प्रत्येक पेशंटला वाफ्याचंच उदाहरण देऊ लागले, आणि जणू ते स्वतःलाच सुचलं अशा थाटात देऊ लागले. मी एकदा त्यांना आठवण करून दिली तर म्हणाले, “अहो, ज्ञान सगळ्यांचं असतं.”

संमतिपत्र भलतं लांबलचक होतं. बहुतेक लोक दुसऱ्या पानावर “सही कोठी करू?” म्हणतात. गिरजाबाईंनी सगळं वाचून घेतलं. फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, झडप सरकू शकते, निमोनिया होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या मान हलवत राहिल्या. ‘सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकते’ हे वाक्य आलं तेव्हा मात्र त्या हसायला लागल्या. हसता हसता धाप लागली, पाणी द्यावं लागलं. “लग्नाच्या येळी असा कागद काऊन नाई देत कोणी?” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि ‘गिरजा’ एवढीच सही केली. पूर्ण नाव लिहा म्हटलं तर म्हणाल्या, “झडप माह्या छातीत बसन. ढोबळेच्या खानदानात नाई बसत.”

तुम्हाला यातून काय हवंय, असं विचारायची फॉर्मवर सोय नव्हती. तरी मी विचारलं.

“मले माह्या पायानं वाडीपर्यंत जाता आलं पायजे. गाडीवर बसून नाई, कोणाचा हात धरून नाई. बस. बाकी तुमचं तुमी पाहा.”

मी ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

झडप बसवायच्या आधी आणि नंतर ठरलेल्या दिवसांनी एक चालायची परीक्षा असते. लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवायचे आणि पेशंटनं सहा मिनिटं त्यांच्यामधून फेऱ्या मारायच्या. जितकं अंतर होईल तितकं लिहायचं. गिरजाबाईंना हा सगळाच प्रकार बिनडोक वाटला. “जाचं कोठी हाये?” त्यांनी विचारलं. कुठंच नाही, नुसतं चालायचंय, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. “बिनकामाचं चालाले मले जमत नाई. काई न्याचं-आणाचं असन तर सांग.”

या परीक्षेचा आणखी एक नियम आहे. पेशंटशी गप्पा मारायच्या नाहीत. दर मिनिटाला फक्त ठरलेलं वाक्य बोलायचं: ‘तुम्ही छान करत आहात, अजून पाच मिनिटं आहेत.’ माणूस धडपडत असला तरी छान, थांबत थांबत जात असला तरी छान. मी पहिल्या मिनिटाला म्हटलं, तुम्ही छान करत आहात. गिरजाबाई थांबल्या, वळल्या, श्वास जमवला आणि म्हणाल्या, “हो बाई, कराच लागते.” उत्तर देऊ नका, म्हणून मी हातानं खुणा केल्या. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा थांबल्या. “तुमीबी छान करून राह्यल्या.” समोरच्यानं चांगलं म्हटल्यावर तोंड बंद ठेवून पुढे जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्या दिवशी त्यांचं अंतर फार कमी भरलं, बराचसा श्वास माझ्याशी बोलण्यात गेला होता. नंतर खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, “मी काई छान केलं नाई. मंग तू छान काऊन म्हणे?” तसं म्हणायचा नियमच आहे, असं मी सांगितलं. “असं होय,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते पक्कं ध्यानात ठेवलं.

झडपा बसल्या. एका बाजूला तीन. आणि खरं सांगते, पहिले दोन महिने आमचे सणासारखे गेले. दुसऱ्या भेटीला गिरजाबाई दवाखान्याच्या फाटकापासून चालत आल्या. व्हरांड्यातलं अंतर चांगलं वाढलं होतं. ‘कशा आहात?’ “बरं हाये.” पण या वेळी ते खरं होतं हे आवाजावरूनच कळत होतं. वाडीत जाते म्हणाल्या, रस्ता ओलांडून, धुऱ्यानं, आपल्या पायानं. पिशवीतून त्यांनी टेबलावर वांगी काढली. पेशंटकडून भेट घेता येत नाही, असा आमचा नियम. तो सांगून सांगून मी थकलेली. “हे भेट नाई,” त्या म्हणाल्या, “वांगे हायेत.” आम्ही ती वांगी खाल्ली आणि सरांनी दोनदा वाढून घेतली.

दोन भेटींच्या मध्ये एक फोन असतो. त्या दिवशी माझ्या यादीत अकरा फोन होते. पंखा बंद, दुपारची वेळ, निम्मे लोक उचलत नाहीत, उचलले तर ‘कोन बोलून राह्यलं’ इथून सुरुवात. गिरजाबाईंचा नंबर नववा होता. रंजनानं फोन त्यांच्या हातात दिला. कशा आहात, बरं हाये. खोकला आहे का, हाये थोडा. मग पुढचा प्रश्न: न थांबता किती चालू शकता?

“एक तास जातो,” त्या म्हणाल्या. “मंग बसाच लागते.”

इकडे बाया ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात, ते मला ठाऊक होतं. मला ठाऊक असलेलं तेवढंच होतं. मी म्हटलं, “एक तास? अरे वा! छान!”

पलीकडून “हो” आला. “पहिले…” असं काहीतरी त्या बोलायला लागल्या, पण मी पुढच्या प्रश्नावर गेले होते. चौकोनात उत्तर मिनिटांत लिहायचं होतं. मी ‘साठ’ लिहिलं.

सरांनी ते वाचलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. साठ मिनिटं न थांबता! जी बाई अंगण ओलांडू शकत नव्हती ती! सोमवारच्या बैठकीत त्यांनी गिरजाबाईंचं नाव न घेता त्यांची गोष्ट सांगितली, वाफ्यासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाईंची पुढची भेट तीन आठवड्यांनी होती. लवकर बोलावण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

तीन आठवडे व्हायच्या आतच रंजना त्यांना ऑटोतून घेऊन आली. ओठ निळे, अंगात ताप, गळ्याची शीर उडत होती. एक झडप जागेवरून सरकली होती आणि तिच्यामागे कफ साचून तिथे निमोनिया झाला होता. अपघात विभागात धावपळ चालली होती आणि मी भिंतीला लागून, हातात फाईल धरून उभी होते, कारण मला दुसरं काही करता येत नाही.

“असं अचानक कसं झालं?” मी रंजनाला विचारलं. “फोनवर तर त्या चांगल्या होत्या. एक तास चालत होत्या.”

रंजना म्हणाली, “तेच तं सांगतलं नं मॅडम तुमाले. पहिले तीन-तीन तास जाये आत्याबाई. मंग एकावरच बसे.”

तरीही मला कळलं नाही. इतकी मी ठोंब.

“बाप्पा!” रंजनानं कपाळाला हात लावला. “तास मंजी घड्याळाचा नाई वो मॅडम. वांग्याचा तास. ओळ. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.”

वांग्याची एक ओळ. त्यांची वाडी मी पुढे पाहिली, म्हणून सांगते, सावकाश चालणाऱ्यालाही ती ओळ मिनिटाभरात संपते. बाई मला सांगत होती की तीन ओळी जाणारी मी आता एका ओळीत दमते. आणि मी तिला ‘अरे वा’ म्हटलं होतं.

मी जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “तास,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “तुम्ही ‘एक तास’ असंच लिहिलं असतं तरी मला कळलं असतं. आमच्या घरी तुरीचे तास असतात.” ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. झडपा काढाव्या लागल्या, तिन्ही. लवकर आल्या असत्या तर सरकलेली नीट बसवता आली असती, असं सर म्हणाले. आता ते फुप्फुस पुन्हा तो प्रयोग सहन करणार नव्हतं. मी घरी जाऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले आणि जेवले नाही.

आमच्या कागदांत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही करायची आणि कारण द्यायचं. मी साठावर रेघ मारली. कारणाच्या जागी लिहिलं: ‘सहभागीकडून चुकीची माहिती.’ इतकी वर्षं हेच वाक्य लिहीत आले होते, हातच तसा वळला.

गिरजाबाई वॉर्डात जरा सावरल्यावर मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायची होती. फाईल काखेतच होती. त्यांनी नळी नाकावर सारखी केली आणि विचारलं, “त्याच्यात माह्यं काय लिवलं?”

मी वाचून दाखवलं. थांबायचं सुचलं नाही.

त्या रागावल्या तर खोकला येईल म्हणून राग आवरत असाव्यात. मग एकेक शब्द सोडत म्हणाल्या, “मी बरोबर सांगतलं. तू चुकीचं आयकलं. तसं लिव.”

“हो,” मी म्हटलं.

“आताच लिव.”

मी तिथेच, स्टुलावर बसून, त्या कारणावर रेघ मारली आणि लिहिलं: ‘नोंद घेणाऱ्याची चूक.’ सही केली. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग मान हलवली.

“मी अरे वा म्हटल्यावर तुम्ही बोलला का नाहीत?” मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“तू तं चालतानाबी छान म्हणे. नियम हाये म्हणे.” त्या दमल्या होत्या, डोळे मिटत होते. “अन् तू लिवून राह्यली होती. लिवून राह्यली मंजी समजलंच असन, असं वाटलं मले.”

आजवर मला अनेकांनी बोल लावले आहेत, त्यातलं हे एक वाक्य मनातून जात नाही. त्यात बोल लावायचा हेतूही नव्हता.

चार-पाच दिवसांनी सर राउंडला आले. त्यांनी विचारलं, “काय गिरजाबाई, कसं काय?” मी त्यांच्या मागे उभी. गिरजाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बरं हाये.” सर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी वाकून विचारलं, असं का म्हणता हो अजून? त्या पुटपुटल्या, “त्या माणसानं लय मेहनत केली. त्याच्या तोंडावर नाई कसं मनू?”

चाचणी संपली की प्रत्येकाची शेवटची नोंद घ्यायची असते. गिरजाबाईंना दवाखान्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून पुढच्या थंडीत मीच नाचणगावला गेले. घरात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. नळीची लांबी दारापर्यंत. गिरजाबाई खाटेवर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मी छापलेले प्रश्न वाचले. मग पेन बंद केलं आणि माझे प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची खरी उत्तरं दिली, कुरकुरत, पण खरी. मी शब्दन्‌शब्द त्यांच्याच भाषेत लिहून घेतला आणि दर वेळी वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी मला दुरुस्तही केलं.

चहा झाला. रंजना वाडीत गेली होती. गिरजाबाईंनी नाकातली नळी काढून मशीनवर ठेवली आणि चपला घातल्या.

“कुठं निघालात?”

“वाडीत.”

मी म्हटलं, गिरजाबाई, असं करू नका, मी गाडी बघते, निदान माझा हात धरा. त्यांनी हात मागे घेतला. “गाडीवर नाई. तुले पहिल्या दिवशी सांगतलं होतं.”

आम्ही रस्ता ओलांडला. त्याला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. धुऱ्यावर पोचल्यावर त्या बसल्या, उठल्या, दहा-बारा पावलं गेल्या, पुन्हा बसल्या. मी मागे उभी. मला ‘छान’ म्हणायचं नव्हतं. पुढे वांगी दिसत होती, रंजनाची पाठ दिसत होती. तिसऱ्यांदा बसल्यावर त्या मागे न बघताच म्हणाल्या, “तू जाय आता. गाडी सुटून जाईन तुयी.”

“तुम्ही पोचेपर्यंत थांबते.”

“थांबू नको,” त्या म्हणाल्या. “कोणी पाहून राह्यलं की मले घाई होते.”

मी रस्त्यावर आले. बस लगेच आली, नको तेव्हा वेळेवर येते तशी. खिडकीची जागा मिळाली. गिरजाबाई धुऱ्यावर बसलेल्याच होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड वाडीकडे. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठलं तिकीट. मी बघत होते. बस वळेपर्यंत त्या उठल्या नव्हत्या.